दुःख ऐकून जवळ आलेली माणसं

प्रश्न १

ताई नमस्कार, तुमचं सदर आई वाचते, तिच्यामुळे मीही वाचायला लागलो. मी २७ वर्षांचा आहे, मूळ लातूरकडचा, आता हिंजवडीत नोकरीला. बाबा गेले तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला होतो, अचानक अटॅक आला आणि संपलं सगळं. होस्टेलवर परत आलो तर कुणी धड बोलेना, म्हणजे वाईट नव्हते कुणी पण काय बोलावं हेच त्यांना कळत नसणार. मग एकदा वर्गातल्या एका मुलीला रात्री चॅटवर सांगत बसलो, की बाबांच्या चपला अजून दारातच आहेत, आई कुणाला हलवू देत नाही, पाहुणे आले तरी त्या तिथंच. ती पहाटेपर्यंत माझ्याशी बोलत होती आणि थोड्याच दिवसांत आम्ही रिलेशनमध्ये होतो. ते वर्षभरात संपलं.

त्यानंतर मला एक सवयच लागली ताई. कुणी मुलगी आवडली की मी आपोआप गप्प गप्प व्हायचो, डीपी काढून टाकायचा, रात्री दीड-दोनला स्टेटस टाकायचं, तिनं काय झालं विचारलं की आधी काही नाही म्हणायचं आणि मग सगळं सांगायचं. मुली खरंच जवळ यायच्या. चपलांची गोष्ट मी पुढेही सांगितली, तेव्हा तर त्या चपला दारातून कधीच काढल्या होत्या, तरी मी 'अजून आहेत' असंच सांगितलं. शेवटच्या रिलेशनमध्ये काय झालं की मी नोकरीत कन्फर्म झालो, पगार बऱ्यापैकी वाढला, आणि तिला सांगायलाच जमेना. वाटलं आता मी बरा आहे म्हटल्यावर हिला माझी काय काळजी वाटणार. ऑफिसमध्ये पेढे वाटले, त्यातून कॉमन मित्राकडून तिला कळलं. ती फार चिडली, म्हणाली, 'तुझ्या रडण्यापुरतीच आहे का मी?' आणि गेली.

आता ऑफिसमधली एक मुलगी आवडते. परवा तिच्याशी बोलताना 'सोड, तुला नाही कळणार माझं आयुष्य' असं टाइप केलं होतं, पाठवायच्या आधी पुसलं. माझा प्रश्न असा की मी खोटं तर काही सांगत नाही, माझ्या आयुष्यात हे खरंच झालंय, मग यात चुकीचं काय आहे? आणि हे सगळं बाजूला काढलं तर माझ्यात कुणाला आवडावं असं काही उरतं का?

— एक वाचक, पुणे

उत्तर

तुझं पत्र दोनदा वाचलं रे. आधी बाबांबद्दल बोलते, कारण तुझ्या पत्रात ते पहिल्या चार ओळींत येऊन जातात आणि पुढं सगळ्या मुलीच मुली. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, वडील अचानक जातात, आपल्याकडे तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं आणि चौदाव्या दिवशी सगळे आपापल्या गावाला. जाताना प्रत्येकजण मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो की आता तूच घरातला कर्ता, आईला सांभाळ, रडू नको. म्हणजे ज्याचा बाप गेलाय त्यालाच सांगतात की रडायचं नाही! मग तो मुलगा रडणार कुठं? आईसमोर नाही, काकांसमोर नाही, मित्रांसमोर तर नाहीच नाही. तुला पहिल्यांदा रडायला जागा मिळाली ती एका मुलीच्या चॅटमध्ये, आणि त्याच जागी प्रेमही मिळालं. दुःख आणि प्रेम ही दोन्ही एकाच दारातून आत आली तुझ्या आयुष्यात. तेव्हा तू काही डाव टाकलेला नव्हतास, तुला खरंच कुणीतरी हवं होतं, आणि त्या मुलीनं जे केलं ते माणुसकीचंच होतं.

पण त्यानंतर जे झालं ते बघ नीट. ज्या वागण्यातून माणसाला काही चांगलं मिळतं ते वागणं पुन्हा पुन्हा होतं, ठरवून करावं लागत नाही. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं यावर आयुष्यभर काम केलं आणि त्यातली एक गोष्ट तुझ्या कामाची आहे, की बक्षीस दरवेळी न मिळता अधूनमधून मिळालं तर ती सवय आणखी चिवट होते. रात्री दीडचं स्टेटस म्हणजे तेच. दहादा कुणी विचारत नाही, अकराव्यांदा तिचा 'काय झालं रे?' येतो, आणि त्या एका मेसेजवर पुढचा महिना निघतो. म्हणून मी तुला नाटकी म्हणणार नाही, पण हेही सांगते की आपोआप होतं म्हणून ते निरुपद्रवी आहे असं होत नाही.

तू विचारतोस, खोटं तर सांगत नाही मग चुकीचं काय. तुझं उत्तर तुझ्याच पत्रात आहे, चपलांच्या वाक्यात. चपला काढल्या होत्या. कुणीतरी त्या उचलल्या असतील, बहुतेक आईनंच, एखाद्या दिवशी मन घट्ट करून. ती त्या दिवसाच्या पुढं गेली, घर पुढं गेलं, आणि तू मात्र त्या चपला परत आणून दारात ठेवल्यास कारण त्या तिथं असल्या की मुलगी थांबते. खोटेपणापेक्षा मला यात दिसतं ते नुकसान, आणि ते सगळ्यात आधी तुझं आहे. ज्या जखमेवर तुझं प्रेम मिळणं अवलंबून आहे ती जखम तू भरू कशी देशील? खपली धरायला लागली की तुलाच भीती वाटणार, आणि तू ती काढणार. तुला पगारवाढीची भीती वाटली! सत्तावीस वर्षांच्या पोरानं कन्फर्म झाल्याचं प्रेयसीला सांगायला घाबरावं, हे वाचून मला फार वाईट वाटलं.

आता तुझ्याकडे येणाऱ्या मुलींचा विचार कर. दुःख दाखवलं की सगळ्याच मुली येत नाहीत, काही विशिष्ट येतात. ज्यांना लहानपणापासून घरात कुणाला तरी सांभाळायची सवय आहे, दारू पिणारे वडील, आजारी आई, धाकटी भावंडं, ज्यांना वाटतं की आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो तरच आपल्याला किंमत आहे. म्हणजे तिलाही तू हवा असतोस तो तुटलेला हवा असतोस, आणि दोघांनाही ते माहीत नसतं. स्टीफन कार्पमन या मानसोपचारतज्ज्ञानं १९६८ मध्ये याचा एक त्रिकोण मांडला, एक सोसणारा, एक वाचवणारा, एक छळणारा, आणि त्यानं दाखवलेली खरी मेख ही की या जागा कायम राहत नाहीत, माणसं त्यात फिरत राहतात. तुझी शेवटची मैत्रीण वाचवायला आली, थकली, मग चिडली. त्या दिवशी तुझ्यासाठी ती छळणारी झाली आणि तू परत सोसणारा. आणि हे संपलं की तुझ्याकडे सांगायला आणखी एक दुःख तयार, पुढच्या मुलीसाठी. हे चक्र मी इतक्या जणांमध्ये पाहिलंय की आता पत्राच्या अर्ध्यातच ओळखू येतं.

थकणं तर होणारच रे. १९७६ मध्ये जेम्स कॉइन यांनी एक साधा प्रयोग केला होता, विद्यार्थिनींना अनोळखी माणसाशी वीस मिनिटं फोनवर बोलायला दिलं, काहींच्या फोनवर पलीकडे नैराश्याचे पेशंट होते, काहींच्या नव्हते. पेशंटशी बोललेल्या मुली नंतर स्वतःच जास्त उदास आणि चिडलेल्या झाल्या, आणि पुन्हा त्या माणसाशी बोलायची त्यांची तयारी कमी होती. पुढच्या अभ्यासांत उदासी चिकटण्याचा भाग दरवेळी तितकाच ठळक दिसला नाही, पण लोक लांब जातात हे परत परत दिसलं. हे मी तुला घाबरवायला सांगत नाही आणि दुःखी माणसानं तोंड बंद ठेवावं असा याचा अर्थ कुणी काढूही नये, पेशंटची त्यात काहीच चूक नव्हती. सांगायचं एवढंच की वीस मिनिटांत एवढं होत असेल तर रोज रात्री दोन-दोन तास, महिनोन्महिने, एकाच मुलीनं ऐकायचं म्हटल्यावर तिचं काय होत असेल? ती वाईट नव्हती. ती एकटी होती त्या कामाला.

पेढ्यांवर परत येते, कारण मला वाटतं तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. आपण समजतो की कठीण काळात कोण सोबत होतं यावर नातं ठरतं. शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत जोडप्यांचा अभ्यास केला, २००४ आणि २००६ मध्ये ते छापून आलंय, आणि त्यात दिसलं की जोडीदारानं आनंदाची बातमी सांगितल्यावर समोरचा कसा प्रतिसाद देतो यावरून नात्याचा अंदाज जास्त नीट येतो, वाईट बातमीवरच्या प्रतिसादापेक्षाही. म्हणजे 'अरे वा, कधी कळलं, कसं वाटलं, आईला फोन केलास का' असं विचारणारा जोडीदार. तुझ्या मैत्रिणीला हे करायची संधीच तू दिली नाहीस. मित्राकडून कळल्यावर तिला काय वाटलं असेल, की हा रात्री दोनला उठवून रडतो पण पेढा मला देत नाही. ती चिडली त्यात मला तिचं प्रेमच दिसतं, तिला तुझ्या आनंदातही वाटा हवा होता.

मग दुःख सांगायचंच नाही का, तर असं अजिबात नाही. बाबांबद्दल न बोलता कुणी तुला ओळखूच शकणार नाही. फरक कधी सांगतो, कशासाठी सांगतो आणि समोरच्याचं किती ऐकतो यात आहे. आर्थर अॅरन यांनी १९९७ मध्ये अनोळखी लोकांच्या जोड्या करून त्यांना ३६ प्रश्न दिले होते, तीन टप्प्यांत, आधी हलके, मग हळूहळू खोल, साधारण पाऊण तासात, आणि नुसत्या गप्पा मारणाऱ्यांपेक्षा त्या जोड्या एकमेकांच्या जास्त जवळ आल्या. त्यात दोन गोष्टी होत्या बघ, पायरी पायरीनं जाणं आणि दोघांनीही उत्तर देणं. तू पहिल्याच रात्री तळघरात नेतोस आणि तिला बोलायला जागाच ठेवत नाहीस. तिचे वडील कसे आहेत हे तू किती जणींना विचारलंस? तिला कशाची भीती वाटते? तुझ्या पत्रात तीन मुली आहेत आणि एकीबद्दलही, ती कशी होती, काय आवडायचं तिला, एक ओळ नाही. हे जरा टोचेल पण सांगायलाच पाहिजे होतं.

ऑफिसमधल्या मुलीचं सांगते. तो मेसेज पुसलास ते फार चांगलं केलंस. 'तुला नाही कळणार' हे वाक्य वरवर दार बंद करतं आणि आतून ढकल ढकल म्हणतं, ती चांगली मुलगी असेल तर तिला ते ढकलावंच लागतं, तिला पर्याय राहत नाही. त्यापेक्षा दिवसाउजेडी भेट, कँटीनमध्ये, टपरीवर, कुठंही, आणि ज्या दिवशी तुझा दिवस बरा गेला असेल त्या दिवशी भेट. तिच्याबद्दल विचार. बाबांचा विषय निघालाच तर एका वाक्यात सांग, 'बाबा कॉलेजमध्ये असताना गेले, कधीतरी सांगेन नीट,' आणि पुढं बोल. बघ ती त्यानंतरही थांबते का. थांबली तर ती तुझ्यासाठी थांबली. पहिले काही आठवडे तुला फार विचित्र वाटेल, आपण फिके आहोत, बोअर आहोत असं वाटेल, ते सहन करायचं, कारण आजवर तुला न रडता कुणाशी जवळ येता येतं याचा अनुभवच नाहीये. आणि रात्री दहानंतर स्टेटस टाकायचं नाही, महिनाभर तरी. हात फोनकडे गेला की लिही, पण वहीत.

तुझ्यात काय उरतं, या प्रश्नाचं उत्तर मी दिलं तर ते खोटं होईल कारण मी तुला भेटले नाही. पण पत्रावरून एवढं दिसतं की तू आईनं हलवू न दिलेल्या चपला बघणारा मुलगा आहेस, ती नजर सगळ्यांकडे नसते, आणि स्वतःला पकडून मेसेज पुसणारा आहेस. 'कुणीतरी माझी काळजी केलीच पाहिजे, नाहीतर मी कुणीच नाही' हा जो हट्ट आत बसलाय ना, त्यावर काम करता येतं. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची विवेकनिष्ठ उपचारपद्धत कि. मो. फडक्यांनी मराठीत आणली, आज आपल्याकडे बरेच समुपदेशक ती वापरतात, हवं असणं आणि असलंच पाहिजे असणं यातला फरक त्यात फार छान शिकवतात. आणि बाबांच्या जाण्याबद्दल एकदा समुपदेशकाकडे जाऊन बसच, जिथं तू रडलास तर त्या बदल्यात कुणाला तुझ्या प्रेमात पडावं लागणार नाही. दुसरं म्हणजे लातूरला जाशील तेव्हा आईला विचार की चपला कधी काढल्या, कुणी काढल्या. तिलाही कुणी विचारलं नसेल.

प्रश्न २

ताई, मी २३ वर्षांची, नाशिकला बीएड करते. माझा बॉयफ्रेंड सुरुवातीपासून दुःखी स्वभावाचा, घरचे प्रॉब्लेम, नोकरी नाही. मला वाटलं माझ्या प्रेमानं बदलेल. आता रोज रात्री दोन-तीनपर्यंत फोन, मी झोपले तर सकाळी 'तुलाही मी नकोय' असे पन्नास मेसेज. वेगळं होऊ म्हटलं तर म्हणतो मी जिवाचं काहीतरी करून घेईन. मैत्रिणी म्हणतात नाटक करतोय, त्याची बहीण म्हणते लग्न करा, सगळं ठीक होईल. मी काय करू?

उत्तर

बाळा, मैत्रिणींचं आणि बहिणीचं, दोन्ही ऐकू नकोस. जिवाचं काही करेन असं कुणी म्हटलं की ते नाटक आहे का खरं हे ओळखत बसायचं नाही, दरवेळी खरंच धरायचं. पण खरं धरणं म्हणजे तू त्याच्यासोबत राहणं नव्हे. खरं धरणं म्हणजे ही गोष्ट गुपित न ठेवणं. आजच त्याच्या बहिणीला आणि घरातल्या एका मोठ्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांग, तो काय म्हणाला ते जसंच्या तसं, मेसेज दाखव. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात, त्याला नंबर दे आणि तू स्वतःही फोन कर, जवळच्या माणसांनीही करायचा असतो. आत्ताच्या आत्ता धोका आहे असं वाटलं तर ११२. एकटी त्याला भेटायला रात्रीबेरात्री जायचं नाही.

वेगळं व्हायचं ठरलं असेल तर आधी त्याच्याजवळ कुणीतरी घरचं असेल याची खात्री कर, आणि मग एकदाच, नीट सांग. 'सध्या ब्रेक घेऊ', 'बघू पुढे' असलं अर्धवट काही नको, त्यात तो अडकून राहतो आणि तूही. त्यानं पुढं काहीही केलं तरी तो त्याच्या आजाराचा भाग असेल, तुझ्या निर्णयाचा गुन्हा नाही. तू बीएडची विद्यार्थिनी आहेस, डॉक्टर नाहीस, आणि डॉक्टर असतीस तरी आपल्याच प्रियकराची ट्रीटमेंट करायची नसते.

लग्नाचं तर नावच काढू नका. आपल्याकडे मुलगा पितो, लग्न करा. मुलगा बोलत नाही, लग्न करा. मुलगा उदास असतो, लग्न करा! कुणाच्या तरी पोरीला औषधासारखं घरात आणायचं आणि गुण आला नाही की तिलाच बोलायचं. मी ही घरं जवळून पाहिलीत आणि मला याचा मनापासून राग आहे. त्याला मदत मिळायलाच हवी, उपचार मिळायलाच हवेत, ते त्याच्या घरच्यांनी करायचं आहे. तू झोप पूर्ण करायला लाग आधी, रात्री अकराला फोन बंद.

प्रश्न ३

मला कायम उदास वाटतं, मित्र म्हणतात मुली पटवायला नाटक करतो. मलाच आता कळत नाही की मी खरंच डिप्रेस आहे का मला सवय लागलीये. कसं ओळखायचं?

— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

दोन्ही एकाच वेळी असू शकतं, त्यामुळे मित्रांशी वाद घालत बसू नकोस. स्वतःला हे विचार की कुणी बघत नसताना, कुणाला सांगायचं नसतानाही असंच वाटतं का? दोन आठवडे किंवा जास्त, बहुतेक दिवस मन खाली, आधी आवडायच्या त्या गोष्टीत रस नाही, आणि जोडीला झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, यातलं बरंच काही असेल तर डॉक्टरांना दाखवायचंच. तिथं नऊ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली भरून घेतात बऱ्याचदा, शून्य ते २७ असे गुण, दहा किंवा जास्त आले की डॉक्टर नीट लक्ष घालून तपासतात, पण निदान त्या आकड्यावर होत नाही, ते डॉक्टरच करतात, त्यामुळे नेटवर भरून स्वतःच ठरवू नकोस. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे वगैरे काही मोजायचं नाही, लगेच वरचा १४४१६ लाव.

आणि समजा तपासून निघालं की डिप्रेशन नाही, नुसती सवय आहे, तरी समुपदेशकाकडे जायला काहीच हरकत नाही. सवयही एकट्यानं सुटत नाही बऱ्याचदा. तुमच्याकडे जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, ओपीडीच्या वेळेत केसपेपर काढून थेट जाता येतं, कुणाची चिठ्ठी लागत नाही. या आठवड्यातच जा.